माळावरचा पंखेवाला सरडा वाळवंटातून आलाय का?

तुमचा प्रश्न असा की जतच्या माळावर एप्रिल-मेमध्ये गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणारा बारका सरडा दिसतो, तर तो राजस्थानच्या वाळवंटातल्या सरड्यांपैकीच आहे का आणि तिकडूनच आपल्या दुष्काळी पट्ट्यात सरकलाय का. नातं आहे, पण लांबचं. आणि तो वाळवंटातून आलेला नाही, त्याचे पूर्वज ओल्या जंगलातले. मला स्वतःला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पाहिलाय तो फॅन थ्रोटेड लिझार्ड. मी साताऱ्याचा, ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार आहे तिथं उन्हाळ्यात गेलं की हे हमखास दिसतात. शेपटीसकट जेमतेम वीतभर, मातकट रंगाचा, हलला नाही तर समोर असून दिसत नाही. पावसाआधीच्या त्या दोनेक महिन्यांत नर धोंड्यावर चढतो, पुढचे पाय ताठ करून छाती वर काढतो आणि गळ्याखालची घडी फटकन पुढं येते, मिटते, परत येते, इतकं पटापट की मोबाईलवर निम्म्या फोटोत पंखा मिटलेलाच येतो. आत जिभेच्या हाडाची एक लांब काडी असते, ती पुढं झाली की कातडी ताणली जाते. मादीला असा रंगीत पंखा नसतो. आणखी एक खूण बघा, मागच्या पायाला बोटं चारच असतात, पाचवं नाहीच. कुंपणावर मुंडी हलवणारा आपला नेहमीचा सरडा, म्हणजे कॅलोटीस, त्याला पाच असतात.

आता वर्गीकरण. 1829 मध्ये कुविए या फ्रेंच शास्त्रज्ञानं पाँडिचेरीच्या नमुन्यावरून सिटाना पाँटिसेरियाना हे नाव दिलं आणि पुढं जवळपास पावणेदोनशे-दोनशे वर्षं भारतात पंखेवाला कुठलाही सरडा दिसला की त्याला बहुतेक वेळा तेच नाव चिकटवलं गेलं. मधे 1870 ला जर्डन या ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञानं दख्खनचा सरडा वेगळा म्हणून डेक्कनेन्सिस असं नाव दिलेलं, पण ते नंतरच्या लोकांनी पुन्हा पाँटिसेरियानातच ढकललं. शेवटी 2016 मध्ये दीपक वीरप्पन, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणचे सरडे घेऊन खवले, मापं, हाडं आणि डीएनए असं सगळं एकत्र तपासलं आणि एक नवा वंश (म्हणजे जवळच्या जातींचा गट) आणि पाच नव्या जाती जाहीर केल्या. नव्या वंशाचं नाव सरडा. त्यात सरडा सुपर्बा, सरडा डार्विनी आणि जर्डनचा तो डेक्कनेन्सिस. सुपर्बा ज्या नमुन्यांवरून जाहीर झाला ते आपल्या चाळकेवाडीचे, म्हणजे जगात या जातीचा मूळ पत्ता सातारा जिल्हा! ढोबळमानानं, पंखा मोठा आणि तिरंगी असेल तर सरडा वंश, पंखा लहान, पांढुरका किंवा त्यावर थोडासाच निळा असेल तर सिटाना. तुम्ही रंग बरोबर पाहिले असतील तर जतचा तुमचा प्राणी सरडा वंशातला. जात मात्र फोटोशिवाय सांगणार नाही.

वरच्या पातळीवर हे सगळे अगॅमिडी कुळातले. या कुळाच्या दातांची गंमत म्हणजे बहुतेक दात खोबणीत नसतात, जबड्याच्या कडेवरच पक्के जोडलेले असतात. कुळाच्या फांद्या वेगवेगळ्या, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. जैसलमेरकडं लोंगेवालाच्या वाळूत एक चपटा सरडा असतो, थरथरत जागच्या जागी वाळूत बुडतो, तो अगॅमिनी या फांदीवरचा. कच्छ-थरचा पाला खाणारा सांडा आणखी वेगळ्या फांदीवर. ऑस्ट्रेलियाचा काटेरी मोलॉक तिसऱ्याच. आपला पंखेवाला मात्र ड्रॅकोनिनी या फांदीचा, ज्यात कुंपणावरचा कॅलोटीस येतो आणि पश्चिम घाटातला उडता सरडा ड्रॅको पण येतो. म्हणजे त्याचं जवळचं गोत झाडीतलं आहे. (जाता जाता, डीएनएनुसार सरड्यांना भिंतीवरच्या पालीपेक्षा साप जवळचे आहेत, हे बऱ्याच जणांना पटत नाही पण तसंच आहे.)

सिटाना आणि सरडा या दोन वंशांचा सगळ्यात जवळचा नातेवाईक ओटोक्रिप्टिस, श्रीलंकेच्या ओल्या जंगलात पाचोळ्यात राहणारा, नराच्या गळ्याला त्याच्याही झालर असते आणि घाबरला की आपल्या पंखेवाल्यासारखा तोही दोन पायांवर पळतो. दीपक आणि प्रवीण कारंथ यांनी पुढं या गटाची वंशावळ काळाशी जुळवून पाहिली तेव्हा चित्र असं दिसलं की मायोसीन काळात, म्हणजे साधारण 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या टप्प्यात, हवामान कोरडं होत गेलं, जंगलं आक्रसली, उघडी जमीन वाढली आणि जंगलातल्या पूर्वजांची एक शाखा त्या उघड्यावर उतरून फुटत गेली. पंखा, दोन पायांची धाव हे सामान जंगलातूनच आणलेलं असणार, माळावर लांबून दिसायला ते आणखी उपयोगी पडलं असं मला वाटतं.

याला दुसरीकडून पण दुजोरा मिळतो. माळावर एक अगदी बारीक, पापणी न मिटणारा सरडा असतो, ऑफिसॉप्स, तो पूर्ण वेगळ्या कुळाचा. इशान अगरवाल आणि उमा रामकृष्णन यांनी 2017 मध्ये त्याची वंशावळ मांडली, निष्कर्ष तोच, भारतातले गवताळ उघडे प्रदेश फार जुने आहेत. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतल्या जुन्या मातीतही 80 ते 60 लाख वर्षांपूर्वी उष्ण प्रदेशातली गवतं पसरल्याच्या खुणा आहेत.

म्हणून माण, खटाव, आटपाडी, जतचा माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाची उरलेली पडीक जागा असं सरसकट कुणी म्हणालं की मला खरंच राग येतो. आमच्या बाजूला एका माळावर पावसाळ्यात जेसीबीनं खड्डे मारून झाडं लावली, हेतू चांगला होता, पण धोंडे हलले, गवत गेलं आणि त्या तुकड्यात पुढच्या उन्हाळ्यात पंखा उघडणारा एक नर मला दिसला नाही. पवनचक्क्यांचं वेगळंच आहे. चाळकेवाडीवर मारिया ठाकर, अमोद झांबरे, हर्षल भोसले यांचा 2018 चा अभ्यास आहे, पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, त्यामुळं सुपर्बा तिथं जास्त, त्यांच्या रक्तात ताणाचं हार्मोन कमी आणि माणसाला ते बरंच जवळ येऊ देतात. संख्या वाढली म्हणून सगळं आलबेल असं नाही, गर्दी झाली की खाण्यावरून आपसात चुरस वाढते.

जतच्या सरड्याची जात ठरवायची असेल तर सकाळी ऊन तापायला लागलं की जा, धोंड्यापासून लांब बसून राहा, पकडू नका, धोंडे उलटू नका. पंखा पूर्ण उघडलेला बाजूनं एक फोटो, पाठीच्या खवल्यांचा एक, जमलं तर मागच्या पायाचा एक. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, ठिकाणासकट टाका आणि लिंक इथं कमेंटमध्ये द्या, मी बघतो.