मटकीची उसळ खाल्ली की बराच वेळ भूक लागत नाही, बिस्किटांनी मात्र लगेच लागते. असं का?

बिस्किटातला मैदा आणि साखर लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषली जाते, पुढे फारसं काही पोचत नाही. मटकीतली प्रथिनं आणि तंतू सावकाश खालपर्यंत जातात. तिथल्या आतड्याच्या अस्तरातल्या एल-पेशी मग जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरकं सोडतात. जठर हळू रिकामं होतं, मेंदूला ‘पुरे’ असा निरोप जातो, जेवणानंतर इन्सुलिनही नीट स्रवतं. उरलेले तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून होणारी प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही मेदाम्लं त्याच एल-पेशींना पुन्हा चेतवतात.

मात्र उसळीकडून जीएलपी-१ची नक्कल करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधासारख्या परिणामाची अपेक्षा नको. शरीरातलं जीएलपी-१ जेमतेम २ मिनिटं टिकतं. ते औषध निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. तरी चारच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी वाटीभर उसळ खाऊन बघाच.