वाचकांचे प्रश्न : माया लावूनही मूल आक्रसते तेव्हा

प्रश्न : मी कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते तिसरीची मुले एकाच खोलीत बसतात. मी मुलांशी गप्पा मारण्यात वेळ घालवते आणि त्यामुळे अभ्यासक्रम मागे राहतो, असे सहकारी म्हणतात. त्यातच यंदा पहिलीत एक कन्नड घरातली मुलगी आली आहे. तिचे आईवडील कामासाठी या गावात आले आणि येथे दुसरी शाळा नाही. जूनपासून ती वर्गात एक शब्दही बोललेली नाही. मी जितकी जवळ घेते तितकी ती आक्रसते. माझे काय चुकते आहे, बाई?

उत्तर : तुमचे पत्र वाचताना मला निपाणी भागातील माझी पहिली शाळा आठवली. तेथे अनेक मुलांच्या आया विड्या वळण्याचे काम करीत. एक मुलगा सकाळी वर्गात पेंगत असे, म्हणून मी त्याला पुढे बसवून रोज सर्वांदेखत विचारी, "जेवून आलास का रे?" आठवडाभरात तो शाळेत येईनासा झाला. त्याच्या आईने मला सांगितले, "बाई, त्याला लाज वाटते." माझा कळवळा खरा होता, पण त्याच्यापर्यंत पोहोचली ती केवळ वर्गाची नजर. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांच्या खोल्या ते मुलांच्या पाठीमागे झाडून ठेवीत, असे त्यांच्याविषयी सांगतात. यातले 'पाठीमागे' मला फार उशिरा समजले.

म्हणून त्या मुलीला बोलण्याचा आग्रह करू नका. दूध वाटताना पेले मांडण्याचे काम तिला आणि तिच्या शेजारणीला मिळून द्या. नीरु (पाणी), हालु (दूध), हूवु (फूल) हे कन्नड शब्द तुम्ही तिच्याकडून शिका आणि तुमचा उच्चार चुकला तर तो तिला सुधारू द्या. आपल्या सीमाभागात अक्का आणि अण्णा दोन्ही भाषांच्या घरांत असतात, तेव्हा वर्गातील इतर मुलांनाही हे परके वाटणार नाही. मात्र ती घरी मोकळेपणाने बोलते का, हे आईला आधी विचारा. घरीही ती गप्प असेल, किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे कान तपासून घेण्यात दिरंगाई नको.

आता सहकाऱ्यांच्या आक्षेपाविषयी. आपल्या राज्यातील 'नलि-कलि' पद्धतीची सुरुवात १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यातील शाळांतून झाली. त्या नावाचा अर्थच 'आनंदाने शिक' असा आहे. वेगवेगळ्या इयत्तांची मुले एकत्र बसून आपापल्या गतीने एकेक पायरी चढतात, हे तिचे सूत्र तुमच्या खोलीसारख्या खोलीसाठीच आहे. तेव्हा आनंद ही अभ्यासक्रमातून चोरलेली वेळ आहे, असे कोणी म्हणू नये. परंतु या पद्धतीची कार्डे वाटून शिक्षक नोंदवह्या भरीत बसलेले वर्गही मी पाहिले आहेत, आणि तेथे पद्धत असूनही मुलांचे चेहरे मिटलेले होते.

तरीही सहकाऱ्यांचे एक म्हणणे मला मान्य आहे : गप्पा धड्याकडे परत आल्या नाहीत, तर तिसरीचे मूल वाचनात मागे राहते आणि त्याची किंमत तेच मोजते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आल्याची हकीकत मुले सांगू लागली, की त्यांचीच तीन वाक्ये फळ्यावर लिहा. तिसरीने ती वाचावीत, दुसरीने त्यातले जोडाक्षर शोधावे आणि पहिलीने ओढा ओलांडून किती जण आले ते मोजावे. मोजताना ती मुलगी एखादा आकडा कन्नडमध्ये पुटपुटली, तर टाळ्या वाजवू नका. तो आकडा फळ्यावर लिहा आणि पुढच्या मुलाकडे वळा.