‘स्टीव्हन युनिव्हर्स’मधल्या चार डायमंडांत खरी सत्ता कुणाकडे असते? त्यांच्या रंगांना आणि खुणांना काही अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की व्हाइट डायमंड सगळ्यांत मोठी आणि ताकदवान आहे, तर रोजचा कारभार यलो आणि ब्लू का रेटतात, पिंकला कुणी का मोजत नाही, आणि रंगांमागे काही हिशेब आहे का. आधीच सांगतो, शेवटापर्यंतचं सगळं फोडणार आहे. मालिका बघायची असेल तर इथेच थांबा.

माझी पात्रता एवढीच की मी बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्समध्ये एका पेढीवर हिरे असॉर्ट करतो. दिवसभर रंग बघणं हेच काम. ही मालिका भाचीनं बघायला लावली. तिला गाणी आवडायची, माझं लक्ष मात्र चार डायमंडांच्या क्रमावर गेलं, कारण तो क्रम आमच्या टेबलावरचाच आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रिबेका शुगर यांची ही मालिका कार्टून नेटवर्कवर २०१३ साली सुरू झाली. परग्रहावरच्या ‘जेम’ म्हणजे जिवंत रत्नं. त्यांचं शरीर नुसता प्रकाश, खरा जीव रत्नात, रत्न फुटलं की संपलं. ‘होमवर्ल्ड’वर चार डायमंडांचं राज्य आणि त्यातल्या पिंकला पृथ्वी वसाहत म्हणून मिळालेली. तिचाच खून झाला असं सगळे मानतात. स्टीव्हन हा बंडखोर रोझ क्वार्ट्झचा मुलगा, आणि रोझ हीच पिंक होती हे पुढे बऱ्याच उशिरा उघड होतं.

आता रंग. आमच्याकडे हिरा पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवतात आणि शेजारी मास्टर स्टोन, म्हणजे रंग ताडून बघायचे नमुना हिरे, ठेवून बाजूनं बघतात. ‘डी’ म्हणजे अजिबात रंग नाही. तिथून ‘झेड’पर्यंत पिवळट झाक वाढत जाते आणि भाव उतरत जातो. (झेडच्याही पलीकडे रंग गडद झाला की त्यालाच फॅन्सी म्हणतात आणि भाव पुन्हा चढतो. बाजाराला लाज नसते.) पिवळा रंग नायट्रोजनमुळे येतो, निळा बोरॉनमुळे. गुलाबीचं प्रकरण वेगळं आहे. त्यात कुठलं परकं मूलद्रव्य मिसळलेलं नसतं, जमिनीच्या पोटातल्या दाबानं कार्बनची जाळीच मुरगळलेली असते आणि त्यातून तो रंग दिसतो.

हे मालिकेला मी बाहेरून लावतोय, पण लावून बघाच. व्हाइटच्या दृष्टीनं रंग म्हणजे खोट. ती स्वतःला पूर्ण समजते आणि बाकीच्यांना आपले बिघडलेले तुकडे. २०१९ च्या ‘चेंज युअर माइंड’ या भागात ती डोळ्यांतल्या किरणांनी एकेकीचा ताबा घेते, तेव्हा काय होतं? यलो, ब्लू आणि स्टीव्हनच्या साथीदार जेम गार्नेट, अ‍ॅमेथिस्ट, पर्ल, सगळ्यांचा रंग उडतो आणि प्रत्येकीच्या तोंडावर तेच एक ताणलेलं हसू येतं. त्यांना मारणं तिच्या डोक्यात नाही, ती त्यांना वरच्या ग्रेडमध्ये टाकते. मला ती खलनायिका म्हणून पटली ती याच जागी. आणि पिंक? तिच्यात बाहेरचं काही मिसळलं नव्हतं, तिच्यावर फक्त दाब होता.

खुणांकडे येऊ. जुनं राजचिन्ह चार चौकटींचं आहे, वर पांढरी, दोन बाजूंना पिवळी आणि निळी, खाली गुलाबी. पृथ्वीवरच्या पडक्या वास्तूंमध्ये ते तसंच राहिलंय. पिंक ‘गेल्या’वर नवीन चिन्हात तीनच उरतात. मालिकेत हे कुणी बोलून दाखवत नाही, पार्श्वभूमीत नुसतं दिसत राहतं, त्यामुळे चिन्ह बघूनच एखादी वास्तू बंडाच्या आधीची की नंतरची ते कळतं. दोन्ही हात जोडून चौकट करायचा सलाम तर तुम्हाला आठवत असेलच, त्यावर वेगळं सांगण्यासारखं फार नाही.

रत्नाची जागा बघा: व्हाइटचं कपाळावर, यलो आणि ब्लूचं छातीवर, पिंकचं बेंबीवर. एवढ्यानं पटत नसेल तर त्यांची अंतराळयानं बघा. व्हाइटचं यान डोकं आहे, यलो-ब्लूची यानं हात आहेत, पिंकचं यान म्हणजे पाय. डोकं, हात, पाय. मराठी प्रेक्षकाला इथे पुरुषसूक्त आठवणारच. मुखातून ब्राह्मण, बाहूंतून राजन्य, मांड्यांतून वैश्य, पायांतून शूद्र. शुगरबाईंनी ऋग्वेदाचं दहावं मंडल उघडून हे रेखाटलं असं मी मुळीच म्हणत नाही. पण राज्याला शरीर मानलं की कुणाला डोकं करायचं आणि कुणाला पाय हे ठरवावंच लागतं, आणि ते ठरवणारा सहसा स्वतःला पाय करत नाही.

खालच्या जेमांचं तर सरळच आहे. जमिनीतून बाहेर पडतानाच काम ठरलेलं: क्वार्ट्झनं लढायचं, पर्लनं मालकिणीमागे उभं राहायचं, पेरिडॉटनं यंत्रं सांभाळायची. दोन वेगळ्या प्रकारच्या जेमांनी एकरूप होणं हा गुन्हा. रुबी आणि सफायर पहिल्यांदा एक होतात ते ब्लू डायमंडच्या दरबारात, आणि रुबीला फोडण्याचा हुकूम तिथल्या तिथे सुटतो. आपल्याकडे आंतरजातीय लग्नावरून काय होतं हे पेपरात वाचणाऱ्याला हा भाग परग्रहावरचा वाटत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सत्ता कुणाकडे? माझं उत्तर: एकीकडे नाही, उतरंडीकडे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध असमानता म्हटलं. वर जावं तसा आदर वाढतो, खाली यावं तसा तिरस्कार. अशा रचनेत वरून दुसऱ्या पायरीवरचा माणूसही ती मोडायला उठत नाही, कारण त्याच्याही खाली कुणीतरी असतं. यलो आणि ब्लू नेमक्या त्या दुसऱ्या पायरीवर आहेत.

व्हाइट दिसते किती वेळा ते मोजा. ती आपल्या डोक्याच्या आकाराच्या यानातून बाहेर पडत नाही आणि निरोप तिच्या पर्लच्या, म्हणजे सेविकेच्या, तोंडून येतो. स्टीव्हन पहिल्यांदा समोर येतो तेव्हा तिला तो पिंकच वाटतो. ती गोड बोलते, त्याला तोंड उघडू देत नाही आणि वाटेला लावते. ओरडत नाही, मारत नाही. तरी यलो आणि ब्लू तिच्या नावानं थरथरतात. सगळा धाक परस्पर चालतो. ब्लू रडते तेव्हा आसपासच्या सगळ्या जेमांच्या डोळ्यांत पाणी येतं, पण पिंकसाठी हजारो वर्षं शोक करणारी हीच ब्लू तिला मनोऱ्यात कोंडत होती. स्टीव्हनलाही ती तिथेच कोंडते. यलो दुःख न बोलता कामात बुडते आणि पृथ्वीच उडवून टाकायला निघते. ब्लूला वाटतं आपण माया करतो, यलोला वाटतं आपण शिस्त लावतो. वरून आलेली भीती दोघी फक्त खाली पोचवतात.

पिंकच्या खुनासाठी स्टीव्हनला रोझ समजून त्याच्यावर खटला चालतो, तो भाग पुन्हा बघा. दोन्ही बाजूंच्या वकील झर्कॉन जेम आहेत. बचाव करणारी झर्कॉन हिशेब मांडत मांडत इथवर येते की पिंकच्या इतक्या जवळ एखादी डायमंडच जाऊ शकली असती. तिथेच यलो दोन्ही झर्कॉनना उडवते. आरोपीची बाजू मांडणारीला आणि विरोधात बोलणारीलाही! मला यलो खुनी असल्याचा संशय तिथे आला होता, भाचीनं तो साफ फेटाळला. पण यलोचा तिथला राग दोषी माणसाचा नव्हताच. शिडीच्या वरच्या टोकाबद्दल प्रश्न विचारला गेला, एवढंच तिला सहन झालं नाही. पेरिडॉटसारखी संसाधनांच्या तुटवड्यात घडवलेली, कृत्रिम हातपाय लावलेली तंत्रज्ञ त्याआधीच्या एका भागात यलोला तोंडावर मूर्ख ठरवते, त्याचं महत्त्व यातूनच कळतं.

पिंक मात्र सगळ्यांत अवघड आहे, आणि तिच्याबद्दल मी चाहत्यांशी सहमत नाही. तिला एकतर बिचारी ठरवतात नाहीतर खोटारडी. चार डायमंडांत ती सगळ्यांत खाली, पण बाकी लाखो जेमांसाठी ती डायमंडच. तिच्यावर झालेला अन्याय ती पुढे सरकवते. तिची पहिली पर्ल, जी पुढे व्हाइटची होते, तिचा डोळा पिंकच्याच रागानं फुटलेला असतो. रोझ होऊन ती बंड करते, पृथ्वी वाचवते, हे खरं. आपल्या ‘मरणा’चं नाटक ती आपल्या दुसऱ्या पर्लकरवी (स्टीव्हनची साथीदार ती हीच) घडवून आणते आणि नाटक सुरू होण्याआधी शेवटचा हुकूम देते की याबद्दल कधीच बोलायचं नाही. पर्ल पुढची हजारो वर्षं बोलायला गेली की स्वतःचा हात स्वतःच्या तोंडावर येतो. प्रेमानं दिलेला असला तरी तो डायमंडचा हुकूम होता, आणि पर्लचं शरीर तो पाळतं. सिंहासन सोडता आलं, हुकूम देण्याची सवय नाही. पूर्ण मालिकेत सत्तेबद्दल याहून नेमकं काही नाही असं माझं मत आहे.

व्हाइटचा पराभव कसा होतो तेही बघा. ती स्टीव्हनच्या बेंबीतून रत्न उपटते, आत पिंक सापडेल म्हणून. निघतो तो स्टीव्हनच. पिंक गेली, हे ते रत्नच सांगतं. मग व्हाइट चिडते, लहान मुलीसारखी वागते, आणि तसं वागल्याचं लक्षात आल्यावर तिच्या गालांवर गुलाबी रंग चढतो. डीवरून थेट खाली! भाची हसली, मी उठून तो भाग पुन्हा लावला. जिच्या हिशेबात रंग हीच खोट, तिला लाजच मुळी रंगाच्या रूपात येते.

डायमंडांना फार स्वस्तात माफी मिळाली असं पुष्कळ जण म्हणतात. ‘चेंज युअर माइंड’पुरतं मलाही तसं वाटतं. पण ‘स्टीव्हन युनिव्हर्स फ्युचर’ या पुढच्या मालिकेत २०२० सालचा एक भाग आहे, ‘होमवर्ल्ड बाउंड’. तिथे तिघींनी आपली शक्ती उलटी फिरवली आहे. यलो फुटलेल्या जेमांना सांधते, ब्लू आनंद वाटते, व्हाइट आपलं शरीर दुसऱ्याच्या ताब्यात देते. स्टीव्हन तिच्या शरीरात शिरतो आणि मिळालेल्या त्या अवाढव्य देहाचं पहिलं काय करू पाहतो, तर तिचं डोकं खांबावर आपटू पाहतो. आणि ती तयारीनं, हसत, त्याच्या हाती स्वतःला देऊन बसलेली असते. माफी स्वस्त होती की महाग, हे मी त्या प्रसंगावरून ठरवेन. तोपर्यंतचे भाग पाहून मत बनवलं असेल तर तो एक भाग आधी बघा, मग बोलू.