तरता बोजा नोंदला आहे का?

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमची पुठ्ठ्याच्या खोक्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. जून 2024 मध्ये रबाळे एमआयडीसीतील प्लॅस्टिकच्या बाटल्या बनवणाऱ्या एका कंपनीला आम्ही 45 लाख रुपये कर्जाऊ दिले. तिचा कच्चा-पक्का माल आणि येणी यांवर फ्लोटिंग चार्ज असल्याचे करारात लिहिले आहे. आठ महिने व्याजही आलेले नाही. गोदामातला माल आम्ही उचलून आणू शकतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : टेम्पो घेऊन गोदामावर जाऊ नये. फ्लोटिंग चार्ज म्हणजे तरता बोजा. तो ठरावीक वस्तूवर बसलेला नसतो. सकाळी उतरवलेली प्लॅस्टिकच्या दाण्यांची गोणी संध्याकाळी बाटल्या होऊन बाहेर पडते आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी नावावरचे येणे होते. बोजा या बदलत्या साठ्यावर असतो, म्हणूनच नेहमीच्या धंद्यात माल विकायला कंपनी मोकळी असते. थकबाकीनंतर करारात ठरलेली नोटीस गेली, न्यायालयाने रिसीव्हर (मालमत्ता ताब्यात ठेवून सांभाळणारा अधिकारी) नेमला किंवा कंपनीने धंदा गुंडाळला, की त्या वेळी हाती असलेल्या मालावर आणि येण्यांवर तो पक्का बसतो.

मात्र नोटिशीच्याही आधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कर्जदार कंपनीच्या नावावरील चार्जेसची सूची पाहावी, कारण पुढचे बहुतेक सगळे तिच्यावर ठरते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 77 प्रमाणे बोजा 30 दिवसांत नोंदवावा लागतो. जादा शुल्क भरून आणखी 30 आणि त्यापुढे आणखी 60 दिवस मिळू शकतात. हे काम कर्जदाराचे असले तरी त्याने ते टाळल्यास कलम 78 खाली धनकोला स्वतः अर्ज करता येतो, हे अनेकांना मुदत उलटल्यावर कळते. नोंद नसेल तर कर्ज बुडत नाही, परतफेडीची जबाबदारी कायम राहते; पण परिसमापक (बंद पडलेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा लिक्विडेटर) आणि इतर धनको तुमचे तारण विचारात घेणार नाहीत, आणि त्याच मालावर कॅश क्रेडिट देणाऱ्या बँकेचे हायपोथिकेशन (माल कर्जदाराच्याच ताब्यात ठेवून घेतलेले तारण) नोंदलेले असेल तर तीच पुढे राहील. आता घाईने नवा करार करून तो नोंदवावा, असा सल्ला मिळेल. मला तो अर्धवट वाटतो. जुन्या कर्जासाठी दिलेले नवे तारण, वर्षभरात कंपनी दिवाळखोरीत गेल्यास, पक्षपाती व्यवहार (एका धनकोला इतरांपेक्षा झुकते माप देणारा) ठरून रद्द होऊ शकते.

न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा बँका आणि अधिसूचित वित्तसंस्थांसाठी आहे. कर्ज देणाऱ्याला कर्जदार कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करू देणाऱ्या दिवाळखोरी संहितेच्या कलम 7 ला किमान 1 कोटीची थकबाकी लागते, म्हणजे तो मार्गही तुम्हाला एकट्याला बंद आहे. उरतो व्यापारी न्यायालयातला दावा. केवळ पैसे मागायचे असतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खालचा समरी (संक्षिप्त) दावा लवकर निघतो, पण तारण वठवायचे असेल तर नेहमीचाच दावा लावावा लागेल. माल हलवला जाण्याची खरीच भीती असेल तर रिसीव्हरसाठी तातडीचा अर्ज त्यासोबत द्यावा, म्हणजे दाव्यापूर्वीच्या मध्यस्थीसाठी थांबावे लागत नाही. दरम्यान दुसऱ्या कुणी कंपनीला एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठापुढे दिवाळखोरीसाठी नेले आणि कंपनीविरुद्धच्या दाव्यांना स्थगिती लागू झाली, तर तुमचा दावा जागीच थांबेल. तेव्हा जाहीर सूचनेतल्या मुदतीत करार, बँकेचे उतारे आणि असल्यास चार्ज नोंदणीचे प्रमाणपत्र जोडून मागणी दाखल करावी.