लघवीची पिशवी आणि ‘दहापैकी किती दुखतंय?’

प्रश्न : ताई, मी मूळची सांगलीची, बीएस्सी नर्सिंगही तिथलंच. आता न्यू जर्सीत एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) करून ३ वर्षं नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून औषधं लिहून देणारी नर्स, आहे. पुढे डीएनपी (डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस) करू की पीएचडी? सासरे म्हणतात, पीएचडी तीच खरी डॉक्टरेट. मुलगी ५ वर्षांची आहे.

उत्तर : सासऱ्यांना सांग, दोन्ही खऱ्या. डीएनपी प्रत्यक्ष कामातली, पीएचडी संशोधनातली. डीएनपी अमेरिकेतही नवीच. केंटकी विद्यापीठानं ती २००१ साली पहिल्यांदा सुरू केली. आणि नोकरीसाठी म्हणशील तर तुला दोन्हींची गरज नाही. २०१५पर्यंत नर्स प्रॅक्टिशनरला डीएनपीच हवी, असा आग्रह नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेनं २००४मध्ये धरला होता. ते साल येऊन गेलं, एमएसएनवर काम चालूच आहे. भूल देणाऱ्या नर्सेसना मात्र २०२२पासून प्रवेशच डॉक्टरेटला घ्यावा लागतो.

ड्यूटीवरून घरी येताना डोक्यात काय घोळतं, ते बघ. माझ्या डोक्यात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घोळायचा. ऑपरेशनला ३ दिवस झालेत, बाई चालतेय, तरी लघवीची पिशवी कॉटला लटकलेली. का, तर काढायची ऑर्डर लिहायला कुणी फिरकलंच नाही. जितके दिवस कॅथेटर, तितका इन्फेक्शनचा धोका, हे सगळ्यांना पाठ. शोधायचं काही नव्हतं, करवून घ्यायचं होतं. तरी मी मोठेपणाच्या हौसेनं पीएचडीला नाव घातलं आणि दीड वर्षानं सोडलं. गाईड चांगली होती; मलाच उत्तर पुढच्या सोमवारी वॉर्डात हवं होतं. मग डीएनपीत तोच प्रकल्प केला : निकष बसले की नर्सनंच कॅथेटर काढायचा. सर्जन मंडळींची समजूत काढण्यात ४ महिने गेले. (समोसे कामी आले. हे अहवालात लिहिता येत नाही.)

माझी एक मैत्रीण वेगळ्याच गोष्टीवर चिडायची. आपल्याकडच्या बाळंतिणीला ‘दहापैकी किती दुखतंय?’ विचारलं की ती ‘ठीक आहे’ म्हणते, आणि चार्टवर २ पडतात. मग विचारायचं कसं? तिला कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये उत्तर सापडेना. ती पीएचडीला गेली, ५ वर्षं लागली. संशोधनावर भर असलेल्या विद्यापीठात कायमची प्राध्यापकी हवी असेल, तर तुलाही तोच रस्ता.

पैशाचं गणित उलटं. पूर्णवेळ पीएचडीला बऱ्याच ठिकाणी फी माफ होते, वर स्टायपेंड. पण तुझ्या पगारापुढे तो किरकोळ. डीएनपी नोकरी सांभाळून साधारण २ वर्षांत होते, फी मात्र बहुधा खिशातून. हॉस्पिटल हातभार लावतं का विचार. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या मदतीवर कर नाही.

डीएनपीकडे कल असेल तर एक काम आजच कर. तिथे बऱ्याच कॉलेजांत बीएस्सीनंतरचे किमान १,००० प्रॅक्टिसचे (शिकताना केलेल्या प्रत्यक्ष कामाचे) तास दाखवावे लागतात, त्यात एमएसएनचे धरतात. कॉलेजकडून त्या तासांचं सहीशिक्क्याचं पत्र मागव. मी मागवलं नव्हतं. १८० तास पुन्हा भरले.