पडद्याला बोट कसे कळते?

प्रश्न : मोबाईलच्या पडद्यावर बोट टेकताच तो प्रतिसाद देतो, मात्र नखाने, लाकडी काडीने किंवा लोकरी हातमोजा घालून स्पर्श केल्यास काहीच घडत नाही. बोट त्याला नेमके कशावरून कळते? टेबलासारख्या काही पडद्यांना वर ठेवलेल्या वस्तूही ओळखता येतात, तिथेही हीच पद्धत असते का?

उत्तर : मोबाईलच्या पडद्याला बोटाचा दाब कळत नाही आणि ऊबही कळत नाही, त्याला कळतो तो विद्युत क्षेत्रातला बदल. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडसारख्या पारदर्शक, विद्युतवाहक पदार्थाच्या अतिशय पातळ पट्ट्या आडव्या आणि उभ्या बसवलेल्या असतात. त्या एकमेकींना चिकटत नाहीत, पण जिथे त्या एकमेकींना ओलांडतात, तिथे प्रत्येक ठिकाणी एक चिमुकला कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारी जोडी, तयार होतो. आपल्या शरीरातल्या क्षारयुक्त पाण्यामुळे बोट विद्युतवाहक असते. ते जवळ आले की तिथल्या क्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो आणि त्या कपॅसिटरची विद्युतभार साठवण्याची क्षमता किंचित घटते. ही घट बहुधा एका पिकोफॅरडहूनही (ही क्षमता मोजण्याचे अतिशय लहान एकक) कमी असते, तरीही नियंत्रक चिप सेकंदाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा सगळा पडदा तपासून ती टिपते. नख, कोरडे लाकूड आणि लोकर विद्युतरोधक असल्यामुळे पुरेसा बदल घडत नाही. उलट पाण्याचा थेंब वाहक असल्याने पडद्याची फसगत करू शकतो.

यातली खरी करामत मोजणीत आहे. पट्ट्यांमधले अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर असते, पण बोटाचा परिणाम एकाच वेळी शेजारच्या अनेक छेदांवर कमीअधिक प्रमाणात होतो, आणि जिथे परिणाम जास्त त्या मापाला जास्त महत्त्व देऊन त्या सर्व मापांची सरासरी काढून बोटाची जागा मिलिमीटरहूनही बारीक ठरवता येते. प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे मोजली, तर दोन बोटांमुळे दोन आडव्या आणि दोन उभ्या पट्ट्या जाग्या होतात, म्हणजे चार संभाव्य जागा मिळतात, ज्यांतल्या दोन खोट्या असतात. म्हणूनच अनेक बोटे ओळखायची तर प्रत्येक छेद वेगळा मोजावा लागतो.

जुन्या दाबसंवेदी पडद्यात मात्र दोन वाहक थर दाबाने एकमेकांना टेकत, त्यामुळे तिथे कोणतीही काडी चाले.

वस्तू ओळखणारी काही टेबले मात्र प्रकाशावर चालतात. मायक्रोसॉफ्टने २००७ साली जाहीर केलेल्या ‘सरफेस’ या टेबलात पडद्याखालून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश टाकलेला असे आणि वर ठेवलेल्या वस्तूवरून परतलेला प्रकाश आतले कॅमेरे टिपत. त्यामुळे वस्तू विद्युतवाहक असण्याची गरजच नव्हती. तिच्या तळाशी ठिपक्यांची ठरावीक खूण चिकटवली, की ती वस्तू कोणती आणि कोणत्या दिशेला वळवून ठेवली आहे, हे दोन्ही टेबलाला समजे.