अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष एका सहीने नवा कायदा करू शकतात का?

प्रश्नकर्त्याने विचारले आहे की, राष्ट्राध्यक्षांना अध्यादेश काढून हवे ते करता येत असेल, तर तिथल्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, काम तरी काय उरते? माझ्या मते घोटाळा ‘अध्यादेश’ या शब्दापासूनच सुरू होतो.

अध्यादेश ही आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १२३ मधली तरतूद आहे. संसदेचे अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती तो काढतात, त्याला कायद्याइतकेच बळ असते आणि संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही, तर तो संपुष्टात येतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना असा अधिकारच नाही. या एका बाबतीत तरी आपले केंद्र सरकार त्यांच्याहून बलवान आहे. त्यांचा कार्यकारी आदेश आपल्या शासन निर्णयाच्या, म्हणजे जीआरच्या, जवळ जातो. (आपल्याकडे जीआरलाही सर्रास अध्यादेश म्हटले जाते, हा भाग निराळा.) प्रशासनाने काय करावे हे तो आदेश सांगतो, पण त्यामागे राज्यघटनेने दिलेला किंवा काँग्रेसने कायद्याने सोपवलेला अधिकार दाखवावा लागतो.

तो दाखवता आला नाही तर काय होते, हे १९५२ मध्ये दिसले. कोरियात युद्ध चालू होते, पोलाद कामगार संपाच्या तयारीत होते आणि उत्पादन थांबू नये म्हणून ८ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी देशातले बहुतेक पोलाद कारखाने सरकारी ताब्यात घेण्याचा आदेश दिला. अडचण अशी होती की, १९४७ मध्ये कामगार कायदा करताना अशा जप्तीचा अधिकार सरकारला द्यावा, ही सूचना काँग्रेसने विचारात घेऊन नाकारली होती. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी आदेश रद्द ठरवला. नऊही न्यायाधीश आधीचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट किंवा खुद्द ट्रुमन यांनी नेमलेले होते. आदेशाच्या विरोधात मत देणारे न्यायमूर्ती टॉम क्लार्क तर आधी ट्रुमन यांचेच ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, होते. ट्रुमन यांनी कारखाने परत केले आणि संप झालाच.

त्या निकालात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लावलेली कसोटी आजही वापरली जाते. काँग्रेसची संमती असेल तेव्हा राष्ट्राध्यक्षांचा अधिकार सर्वांत मोठा. काँग्रेस गप्प असेल तेव्हा तो संदिग्ध. आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध जायचे असेल तेव्हा सर्वांत लहान. म्हणूनच प्रत्येक सरकार आपण पहिल्याच पायरीवर आहोत असे सांगत असते. बायडन सरकारने २००३ च्या एका कायद्याचा आधार घेऊन सुमारे ४०० अब्ज डॉलरची विद्यार्थी कर्जे माफ करू पाहिली, तेव्हा त्या कायद्यात एवढी मोठी परवानगी नाही, असे न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले.

कागदावरची ही मर्यादा व्यवहारात मात्र पुष्कळदा सैल पडते. १९७६ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय आणीबाणी संपवण्याचा ठराव राष्ट्राध्यक्षांच्या सहीविना करता येई. सहीविना होणारे असे ठराव घटनाबाह्य असल्याचे १९८३ च्या एका निकालाने ठरले आणि तेव्हापासून राष्ट्राध्यक्षांच्याच नकाराधिकाराला ओलांडण्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते जमवावी लागतात. २०१९ मध्ये मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्प यांनी जाहीर केलेली आणीबाणी उठवण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी केला, ट्रम्प यांनी तो फेटाळला आणि दोन-तृतीयांशांचे गणित जुळले नाही.

शिवाय काँग्रेसची संमती म्हणजे न्याय, असेही नाही. रूझवेल्ट यांच्या १९ फेब्रुवारी १९४२ च्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशामुळे जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना, ज्यांतले बहुसंख्य अमेरिकी नागरिकच होते, घरे सोडून छावण्यांत राहावे लागले. काँग्रेसने महिनाभरात त्याला कायद्याचे पाठबळ दिले आणि न्यायालयानेही १९४४ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी सरकारची बाजू घेतली. जॅक्सन त्या तिघांत होते. कार्यकारी आदेश पुढचा राष्ट्राध्यक्ष एका सहीने मागे घेऊ शकतो, हे खरे. युद्धानंतर छावण्या बंद झाल्या, पण हा आदेश संपल्याची औपचारिक घोषणा जेराल्ड फोर्ड यांनी केली ती १९ फेब्रुवारी १९७६ रोजी, म्हणजे बरोबर ३४ वर्षांनी.